दोन ठिपक्यांची लंगडी

पंपवाले गेल्यावर त्यांच्या तळ्यावरच्या मित्रांची घरी रीघ लागली. माणसं भली होती. येऊन बसायची, पंपवाल्यांच्या आठवणी काढायची, नको नको म्हणत दोन कप चहा प्यायची. पण निघताना प्रत्येकजण दाराशी घुटमळायचा. चपलेत पाय सरकवता सरकवता आवाज खाली आणायचा आणि विचारायचा, "वहिनी, त्या लंगडीचं काय करणार आहात?"

सगळ्यात आधी हे बेकरीवाल्याने विचारलं. पंपवाल्यांच्या बायकोला वाटलं, स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या स्टुलाबद्दल बोलतोय. ती म्हणाली, "काय करणार? खाली पुठ्ठा घातलाय, चालतंय." बेकरीवाला तिच्याकडे बघतच राहिला.

मग दुसरा आला, तिसरा आला, आणि गळ-काठ्या विकणारा दुकानदार तर दोनदा आला. तेव्हा तिला उलगडा झाला. लंगडी म्हणजे गळाला बांधायचा लाकडी मासा. बोटाएवढा, पाठीवर तांबूस, पोटाशी पिवळा, तोंडाला पत्र्याची छोटी जीभ. ज्या कारखान्यात तो बनायचा तिथला साचा झिजलेला होता, म्हणून जीभ जराशी तिरकी बसायची, आणि पाण्यातून ओढला की तो मासा लंगडी घातल्यासारखा उड्या मारत यायचा. मोठ्या माशांना वाटायचं, हा जखमी आहे, सहज मिळेल. कारखान्याने पुढे नवीन यंत्र आणलं, जीभ सरळ बसवली. मासा दिसायला आधीपेक्षा देखणा झाला आणि तळ्यातल्या एकाही माशाने त्याला तोंड लावलं नाही. तक्रारी गेल्या, खप पडला, कारखान्याने तो प्रकारच बंद केला आणि रबरी अळ्या काढायला सुरुवात केली. तेव्हापासून जुन्या लंगडीसाठी लोक जीव टाकत होते. कुणाची पाण्यात अडकून तुटली तर बाकीचे त्याला जवळच्या माणसाचं काही झाल्यासारखं समजवायचे.

आणि पंपवाल्यांकडे जुन्या लंगड्यांचा साठा होता, हे सगळ्या तळ्याला माहीत होतं.

"माहीत नव्हतं ते फक्त मला," ती फोनवर लेकीला म्हणाली.

"आई, तू कधी विचारलंस का बाबांना, तळ्यावर काय करता म्हणून?"

"तेच म्हणायचे, काही नाही, बसतो. बसणाऱ्या माणसाला काय विचारायचं?"

ती कापडगिरणीत तपासणीला होती. दिवसभर टेबलावरून कापड सरकत जायचं, खालून दिव्याचा उजेड, हातात भिंग. सुटलेला धागा, जाड गाठ, फिका पट्टा, काही तिच्या नजरेतून सुटायचं नाही. गिरणीत तिला सगळे भिंगबाई म्हणायचे. अशी बाई घरी आल्यावर डोळे मिटून बसेल कशी? एका सुट्टीच्या दुपारी तिने पलंगाखालून नवऱ्याची हिरवी पत्र्याची पेटी ओढली. कुलूप शाबूत होतं, किल्ली नेहमीच्या खिळ्याला होती. वरच्या कप्प्यात तंगुसाच्या दोऱ्याची रिळं, शिशाची वजनं, चिमटा. खालच्या कप्प्यात निळ्या मखमलीवर माशाच्या आकाराचे खड्डे पडलेले होते, एकाशेजारी एक, खोल आणि स्पष्ट. खड्ड्यांत काहीच नव्हतं.

तिने पेटी उपडी केली. पलंगाखाली हात घातला, कपाट उघडलं, जुन्या बुटांतसुद्धा बघितलं. मग ती जमिनीवरच बसून राहिली. तिला त्या लाकडी तुकड्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. पण ते ह्यांचे होते, आणि कुणीतरी ते ह्यांच्या मागे, किंवा त्याहून वाईट म्हणजे ह्यांच्या डोळ्यांदेखत, उचलले होते. इथे पाणी मुरत होतं.

कोण असेल? बेकरीवाल्याने मागितली होती. दुकानदाराने दोनदा मागितली होती. ज्याने चोरली तो कशाला मागेल? मग न मागणारा कोण? ती आठवू लागली, आणि कंपाउंडर आठवला.

कंपाउंडर औषधांच्या दुकानात काम करायचा. पंपवाल्यांचा सगळ्यात जवळचा. गेल्या वर्षभरात तर तळ्यावरून परतताना ह्यांची पेटी आणि काठी तोच उचलून आणायचा. आतल्या खोलीत जायचा, पेटी पलंगाखाली सारायचा. भेटायला आला तेव्हा सगळ्यात जास्त वेळ बसला आणि लंगडीचा ल सुद्धा काढला नाही. उलट तिने सहज म्हटलं, "तुमच्या मित्राची पेटी तशीच पडलीय," तेव्हा तो घाईने उठला होता.

"चोराच्या मनात चांदणं," ती लेकीला म्हणाली.

"अगं लाकडाचे मासे आहेत ते. सोड ना."

"लाकडाचे असू देत नाहीतर मातीचे. पेटी बंद आहे आणि आत काही नाही. मी हे सोडून देऊ?"

लेकीने सुस्कारा टाकला. आईने गिरणीत एका सुटलेल्या धाग्यासाठी अख्खा तागा परत पाठवलेला तिला आठवत असावा.

पुढच्या रविवारी भिंगबाई नवऱ्याची काठी घेऊन तळ्यावर हजर झाली. मंडळी गोंधळली. कुणी जागा दिली, कुणी डबा उलटा करून बसायला ठेवला. ती म्हणाली, "घरी बसवत नाही. मलाही शिकवा." बेकरीवाल्याने मोठ्या उत्साहाने शिकवायला घेतलं. काठी मागे कशी न्यायची, रिळावरचा अंगठा कधी सोडायचा, कुठे टाकायचं नाही. टाकायचं नाही अशी जागा एकच होती. समोरच्या काठाजवळ पाण्याखाली जुनी फळबाग होती, बांध घातला तेव्हा बुडालेली. तिला सगळे बुडीत बाग म्हणत. तिथे मासे भरपूर, पण वाळक्या फांद्यांत गळ अडकला की संपलं. "पंपवाल्यांचा तर नियमच होता," बेकरीवाला म्हणाला, "लंगडी बांधली की बागेकडे तोंडसुद्धा करायचं नाही."

तिने मान डोलवली. तिचं लक्ष होतं कंपाउंडरकडे. तो जरा लांब, दगडाआड बसायचा. इतर लोक आपापल्या पेट्या उघड्या टाकून गप्पा मारायचे. त्याची पेटी मात्र ती जवळ गेली की बंद व्हायची. दोऱ्याला काही बांधायचं असेल तर तो तिच्याकडे पाठ करायचा. ती पाणी पिण्याच्या निमित्ताने त्याच्या मागून जायची, तो खोकल्याच्या निमित्ताने वळायचा. बोलायचा अगदी गोड. "जमतंय का वहिनी? काठी जड वाटते का?" जितका गोड बोलायचा तितका तिचा संशय घट्ट व्हायचा. माणसाला पाण्यात पाहणं म्हणजे काय, हे तिला त्या तळ्याच्या काठावर नीट कळलं.

असे बरेच रविवार गेले. मधल्या काळात तिच्या गळाला दोन-तीन मासे लागले आणि तिला ते आवडलं, याचा तिला रागच आला.

मग एका ढगाळ सकाळी कंपाउंडरचा गळ कशाला तरी घासून वर आला. तो तिच्या जवळच पाण्यातून वर उडाला आणि हवेत गोल फिरत राहिला. तांबूस पाठ, पिवळं पोट. पोटावर पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके. ते ठिपके तिने ओळखले. हे एकदा तिची नखांना लावायच्या पांढऱ्या रंगाची बाटली मागून घेऊन गेले होते आणि रिकामी करून आणली होती. "खूण करायला हवी होती," एवढंच म्हणाले होते.

ती उठली, सरळ चालत गेली आणि हवेतला तो मासा मुठीत पकडला. गळाचं टोक तिच्या तळव्यात रुतलं, तरी सोडला नाही.

"हे काय आहे भाऊजी?"

कंपाउंडरचा चेहरा पांढरा पडला. "वहिनी, हात. हात उघडा आधी, रक्त येतंय."

"हे ह्यांचं आहे. तुमच्याकडे कसं आलं?"

"त्यांनी मला दिलं."

"कधी दिलं? का दिलं? बाकीचे कुठे आहेत?"

"दिलं एवढं खरं आहे," तो म्हणाला. "पुढचं विचारू नका."

"विचारू नको? पेटी तुम्ही घरी आणायचात. आतल्या खोलीत तुम्ही जायचात. मेलेल्या माणसाच्या पेटीत हात घालताना लाज नाही वाटली? चोर कुठले!"

सगळ्या काठाने वळून बघितलं. बेकरीवाल्याने तोंड उघडलं आणि परत मिटलं. कंपाउंडरने खाली वाकून दोरा कापला, तिच्या तळव्यातला गळ हलक्या हाताने उलटा फिरवून काढला, जखमेवर आपला रुमाल बांधला. मग काठी आवरली, पेटी उचलली आणि निघून गेला. लंगडी तिच्या हातातच राहिली.

त्यानंतर तो तळ्यावर यायचा थांबला. गाव लहान असो की मोठं, अशा गोष्टीला पाय फुटतातच. औषधांच्या दुकानात लोक मोड नीट तपासून घेऊ लागले म्हणे. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. पण उरलेल्या लंगड्या कुठे आहेत, हे त्याने सांगितलं नव्हतं, आणि निर्दोष माणूस गप्प का बसेल, या प्रश्नापाशी येऊन तिची सगळी दया थांबायची.

उन्हाळ्यात बांधाची झडप दुरुस्त करायची म्हणून तळ्याचं पाणी सोडलं. पाणी उतरत उतरत पार मधल्या घळीत गेलं आणि बुडीत बाग उघडी पडली. काळी, बिनपानांची झाडं चिखलात रांगेने उभी होती. आणि फांद्याफांद्यांवर गळ लटकत होते. लाल, हिरवे, चंदेरी, पिसांचे, रबरी. कितीतरी वर्षांचं सगळ्यांचं नुकसान तिथे उन्हात वाळत होतं. गळ टाकणारे फळ्या टाकून, गुडघाभर चिखल तुडवत आत शिरले. आपला हरवलेला गळ सापडला की मोठी माणसं ओरडत होती. दुकानदार तर पिशवी घेऊनच आला होता.

भिंगबाईही बेकरीवाल्याच्या मागोमाग फळीवरून निघाली. पंपवाल्यांची बसायची जागा जिथे होती, तिच्या जवळजवळ समोरच्या झाडांपाशी बेकरीवाला एकदम थांबला. "वहिनी, तिकडे चिखल फार आहे. आपण पलीकडून जाऊ."

तिला त्याचा आवाज आवडला नाही. ती त्याच्या बाजूने पुढे झाली.

फांदीत एक लंगडी अडकलेली होती. रंग उडालेला, गळ गंजलेले, पण पोटावर दोन पांढरे ठिपके. तिच्या वर दुसरी. शेजारच्या झाडावर आणखी. ज्या बागेकडे हे कधी तोंड करायचे नाहीत, त्या बागेत ह्यांच्या लंगड्या होत्या.

तिने एक काढली, दुसरी काढली. पिशवीतून भिंग काढलं. बाकी लोकांच्या सगळ्या गळांना तुटलेल्या तंगुसाची शेपटी होती, कुणाची वीतभर, कुणाची हातभर. ह्यांच्या लंगडीच्या कडीत काहीच नव्हतं. कडी स्वच्छ. दोरा तुटला नव्हता, गाठ सुटली होती.

"ह्यांची गाठ?" ती म्हणाली. "तीस वर्षं ह्या माणसाने घरातली प्रत्येक गाठ मारली. ह्यांची गाठ मला कात्रीने कापावी लागायची."

बेकरीवाला चिखलाकडे बघत राहिला. "शेवटी शेवटी जमत नव्हतं त्यांना, वहिनी. फेकायचे इकडे, जायचं तिकडे. आम्ही बांधून देतो म्हटलं तर चिडायचे."

"का जमत नव्हतं?"

"कंपाउंडरला विचारा. आमचं ऐकण्यापेक्षा त्याचं ऐका."

ती तशीच, चिखलाच्या पायांनी, औषधांच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. कंपाउंडर खोक्यातल्या बाटल्या फळीवर लावत होता. तिने लंगड्या काउंटरवर ठेवल्या. त्याने त्या बघितल्या आणि हातातली बाटली खाली ठेवली.

"सापडल्या तर," तो म्हणाला.

"ह्यांना काय झालं होतं?"

त्याने खोकं बाजूला सारलं. "हात थरथरायचे. आधी उजवा, मग दोन्ही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हळूहळू वाढत जाणार. औषधं मीच द्यायचो. इथे घ्यायचे, इथेच पाणी मागून गिळायचे. घरी एक गोळी न्यायचे नाहीत."

तिला एकेक आठवू लागलं. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात हे म्हणाले होते, दाढी वाढवतो, बघू कसा दिसतो. ती हसली होती. चहा अर्धाच कप दे, झोप उडते, असं म्हणू लागले होते, आणि तिने अर्धा दिला होता. वर्तमानपत्र टेबलावर पसरून वाचायचे. सुईत दोरा ओवून द्या म्हटलं तर म्हणायचे, चष्मा सापडत नाही. सगळं तिच्यासमोर होतं. गिरणीतल्या कापडात तिने जे कधी नजरेतून सुटू दिलं नाही, ते घरात वर्षभर तिच्या नजरेसमोरून सरकत गेलं.

"तळ्यावर तुमच्या हातात राहिली ती शेवटची. ती त्यांनी मला दिली," कंपाउंडर म्हणाला. "म्हणाले, माझ्याकडे राहिली तर हीसुद्धा बागेत जाईल. तू ठेव. आणि शपथ घातली, घरी हिला कळता कामा नये. म्हणून तुमच्यापासून लपवत होतो. तुम्ही बघितली असती तर विचारलं असतं."

"मला का नाही कळू द्यायचं?"

"तुम्ही नोकरी सोडून घरी बसाल म्हणाले."

"बसले असते! त्यात काय? माझी नोकरी, माझा नवरा!" तिचा आवाज चढला. "एवढ्या जवळचे म्हणवता, आणि ते गेल्यावरही तोंडाला कुलूप? मी चारचौघांत तुम्हाला चोर म्हणाले, तेव्हा तरी सांगायचं!"

"शपथ तेव्हाही होतीच."

"मेलेल्या माणसाची शपथ!"

"मेलेल्याचीच मोडता येत नाही, वहिनी. जिवंत माणसाला निदान माफी मागता येते."

तिने लंगड्या बाजूला सारल्या. मग म्हणाली, "मी चुकले भाऊजी. माफ करा."

कंपाउंडरने बाटली उचलून परत जागेवर लावली. आता पहिल्यांदा त्याच्या आवाजात धार आली. "इथे काय उपयोग? दुकानात आपण दोघंच आहोत. तुम्ही बोललात ते सगळ्यांसमोर बोललात. माझ्या बायकोला बाजारात ऐकून घ्यावं लागलं. मागे घ्यायचं असेल तर तेही सगळ्यांसमोर घ्या."

ती घरी आली आणि दोन दिवस धुसफुसत राहिली. तो म्हणत होता ते बरोबर होतं, यात वाद नव्हता. पण त्याला चोर नाही म्हणायचं तर लंगड्या कुणी घालवल्या ते सांगावं लागणार. म्हणजे ह्यांनी जे वर्षभर दाढीमागे आणि अर्ध्या कपामागे लपवलं, ते तिने काठावर उभं राहून बोलायचं. लेक फोनवर म्हणाली, "बाबांना आवडणार नाही." ती म्हणाली, "बाबांनी मला विचारलं होतं?"

रविवारी तळ्यात पाणी पुन्हा भरू लागलं होतं. मंडळी जमली होती. कंपाउंडरला तिने निरोप धाडला होता, तो आला, पण काठी आणली नव्हती. ती उभी राहिली. बोलायची सवय नव्हती, त्यामुळे गिरणीत दोष सांगतात तसं एका दमात सांगून टाकलं.

"ह्यांचे हात थरथरायचे. लंगड्या ह्यांच्या हातूनच बागेत गेल्या. शेवटची ह्यांनी स्वतः भाऊजींना दिली. मी भाऊजींना चोर म्हणाले ते खोटं होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला."

कुणालाच नवल वाटलं नाही. तिने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. बेकरीवाला, दुकानदार, बाकीचे. सगळे दुसरीकडे बघत होते, आणि तेव्हा तिला कळलं की हातांचं सगळ्यांना माहीत होतं. पहिल्यापासून. दाराशी घुटमळून लंगडीचं विचारायचे, कारण शेवटची कुठे गेली, तेवढंच त्यांना माहीत नव्हतं.

"सगळ्यांना माहीत होतं?" तिने विचारलं.

"डोळ्यांना दिसायचं ना, वहिनी," दुकानदार म्हणाला आणि लगेच त्याला आपली जीभ चावावीशी वाटली.

ती वळली. काठी उचलून आपल्या जागेवर जाऊन बसली. थोड्या वेळाने कंपाउंडर तिच्याजवळ आला आणि उलट्या डब्यावर टेकला. तिने सापडलेल्या लंगड्यांतली एक त्याच्यापुढे धरली. त्याने नखाने गंज खरवडला, जीभ डोळ्यासमोर धरून बघितली, आणि म्हणाला, गळ बदलले तर अजून चालेल. 

"भाऊजी," ती म्हणाली, "आता खरं सांगा. ह्यांच्याबद्दल मला माहीत नाही असं आणखी काही आहे का?"

त्याने विचार केला. तिला वाटलं, जरा जास्तच केला.

"नाही," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे निरखून बघितलं. त्याने नजर चुकवली नाही, पण लंगडी बोटांत फिरवत राहिला. मग तिने ठरवलं, विश्वास ठेवायचा. सगळा नाही, पण बराचसा. आणि त्याला म्हणाली, "गाठ कशी मारायची ते एकदा नीट दाखवा. बेकरीवाल्यांची सुटते."